नाहीतर

भंगाराच्या त्या आवारात माझं टेबल वरच्या मजल्यावर, खिडकीला लागून होतं. खाली मोडक्या मोटारींचे ढीग, त्यांच्यामधून वळत जाणारा चिखलाचा रस्ता, एका बाजूला लोखंडी पंजाची क्रेन आणि तिच्यासमोर प्रेस. प्रेस म्हणजे भलीमोठी पोलादी पेटी. तिच्यात अख्खी मोटार टाकायची, झाकण लावायचं, की जाड भिंती आत सरकायला लागायच्या. दुसऱ्या टोकाने मोटार बाहेर यायची ती चौकोनी ठोकळा होऊन. सुरुवातीला त्या आवाजाने माझे दात शिवशिवायचे. नंतर त्याच आवाजात फोनवर बोलायची सवय झाली.

क्रेन आणि प्रेस दोन्ही माझा दादा चालवायचा, शिडी चढून जायच्या काचेच्या केबिनमध्ये बसून. मला तिथलं काम त्याच्यामुळेच मिळालं. "माझ्या बहिणीला विचारा, ती असलंच काहीतरी करते," असं तो मालकांना म्हणाला होता. माझ्या शिक्षणाबद्दल यापेक्षा जास्त त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि अभिमान मात्र गावभर मिरवायचा.

यंत्रांना आज्ञा द्यायच्या त्या केबिनमधल्या कीबोर्डवरून. जुना प्रोग्राम आकड्यांचे कोड मागायचा आणि एखादा आकडा चुकला तर रुसून बसायचा. मालकांना साध्या शब्दांत चालणारा नवा प्रोग्राम हवा होता. 'उचल', 'टाक', 'दाब', 'थांब' असे शब्द, आणि त्यांना जोडून अटी. म्हणजे 'पेटी भरली असेल तर दाब'.

मी ज्या भाषेत प्रोग्राम लिहिते, तिच्यात अशी वाक्यं वाचणारा भाग हाताने लिहावा लागत नाही. त्या भागाला पार्सर म्हणतात, आणि तो बनवून देणारं एक तयार साधन आहे. कोणते शब्द चालतील, ते कोणत्या क्रमाने येतील, एवढे नियम आपण लिहायचे. मग टर्मिनलच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करून एंटर मारायचं, की पार्सर तयार. नियमांत घोळ असेल तर साधन तक्रार करतं. नीट विचारलं तर आपल्याच शब्दांतून एक वाक्य जुळवून दाखवतं आणि म्हणतं, हे वाक्य दोन तऱ्हांनी वाचता येतंय, कुठली घेऊ ते सांग. नाही सांगितलंस तर मी माझ्या मनाने घेईन.

पहिल्यांदा त्याने दाखवलेलं वाक्य असं होतं : 'झाकण लागलं असेल तर पेटी भरली असेल तर दाब नाहीतर थांब.'

यात नवल काहीच नव्हतं. हे दुखणं या धंद्यात सगळ्यांच्या ओळखीचं आहे. वाक्यात 'तर' दोन आणि 'नाहीतर' एकच. तो कोणत्या 'तर'चा? जवळच्या 'तर'चा धरला तर पेटी भरलेली नसताना थांबायचं. लांबच्या 'तर'चा धरला तर झाकण लागलेलं नसताना थांबायचं. आपण काही सांगितलं नाही तर ते साधन जवळचा धरतं.

जेवायच्या सुट्टीत मी ते वाक्य कागदावर लिहून दादाला दाखवलं. शेजारी मुकादम डबा उघडून बसला होता. जाडजूड, गळ्यात शिट्टी, बोलला की आवार दणाणायचं. त्याच्या पलीकडे त्याचा मेहुणा, वेल्डर. तो मुकादमाच्या बायकोचा धाकटा भाऊ. कमी बोलायचा. ठिणग्यांमुळे त्याचे डोळे कायम लाल असायचे.

"एका दमात दोन तर?" दादा म्हणाला. "असं कोण बोलतं?"

"तूच बोलतोस. काल फोनवर वहिनीला काय सांगत होतास ते ऐकलं मी."

वेल्डरसुद्धा हसला.

मी म्हटलं, प्रत्येक अटीच्या शेवटी 'संपलं' असा शब्द टाइप करायचा नियम केला, तर घोळ राहणार नाही.

"म्हणजे दिवसभर मी 'संपलं, संपलं' लिहीत बसू? त्यापेक्षा हाताने मोटारी वाकवतो."

"इंजिनीअरबाई," मुकादम घास गिळून म्हणाला, "जवळचं धरायला सांगा त्याला. वेळेला जवळचंच उपयोगी पडतं."

मी तसंच केलं. म्हणजे काहीच केलं नाही.

आवारात एक लंगडी कुत्री होती. तिला सगळे लंगडीच म्हणायचे. उन्हं चढली की ती एखाद्या मोटारीत शिरून मागच्या सीटवर झोपायची. दादा मोटार उचलण्याआधी भोंगा वाजवायचा, आणि ती शिव्या दिल्यासारखं भुंकत बाहेर यायची.

एका सकाळी मी नियमांत किरकोळ बदल करून साधन चालवलं. तक्रार नेहमीचीच होती. उदाहरणाचं वाक्य मात्र नवं होतं.

'लंगडी आत असेल तर दार उघडं असेल तर थांब नाहीतर दाब.'

मला वाटलं, दादाने माझ्या फायलीत काहीतरी खोडसाळपणा केला असणार. मी फाइल उघडून 'लंगडी' शोधलं. सापडलं नाही. 'दार' शोधलं. माझ्या नियमांत झाकण होतं, पेटी होती, दार नव्हतं. जो शब्द नियमांतच नाही, तो हे साधन वापरूच शकत नाही. त्याला दुसरे शब्द माहीतच नसतात. मी पुन्हा एंटर मारलं. या वेळी वाक्य पहिल्यासारखं आलं, झाकणाचं आणि पेटीचं. आधीचं वाक्य काळ्या खिडकीत वर तसंच दिसत होतं. मी थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसले आणि मग चहा आणायला उठले.

त्या दुपारी दादाने एक निळी मोटार पेटीत सोडली. भोंगा वाजवला होता, मी स्वतः ऐकला. भिंती सरकायला लागल्यावर आतून जो आवाज आला तो पत्र्याचा नव्हता. तो लांब, उंच होत गेला आणि मधेच तुटला. ठोकळा बाहेर आला तेव्हा त्याच्या कोपऱ्यातून तांबडं पाणी तेलात मिसळून ठिबकत होतं. पत्र्याच्या दोन घड्यांच्या मधे एक पंजा होता, आणि तो अजून ताणला जात होता.

दादा शिडीवरून खाली आला आणि ढिगामागे जाऊन ओकला. "दार आतून बंद झालं असणार," तो म्हणाला. "नाहीतर आली असती ती."

मी त्याला वाक्याबद्दल सांगितलं नाही. काय सांगणार? नवा प्रोग्राम अजून माझ्या लॅपटॉपमध्येच होता. प्रेस जुन्याच प्रोग्रामवर चालत होती, आणि त्या दोघांमध्ये साधी वायरसुद्धा जोडलेली नव्हती. माणूस थकला की वाचताना चुकतो, असं मी स्वतःला समजावलं, आणि पुढचे बरेच दिवस साधन चालवलं की आधी वाक्य वाचायचं आणि मग श्वास सोडायचा, अशी सवय लागली. झाकण, पेटी. झाकण, पेटी. मग ती सवयही सुटली.

म्हणून ते दुसरं वाक्य मी जवळजवळ न वाचताच खाली सरकवणार होते.

'मुकादम वाकला असेल तर दादाने पाहिलं असेल तर थांब नाहीतर दाब.'

मी खिडकीशी गेले. मुकादम खाली उभा होता, चांगला ताठ, कमरेवर हात ठेवून. एक ट्रक मागे मागे येत होता आणि तो ट्रकवाल्याच्या नावाने ओरडत होता. दादा केबिनमध्ये. सगळं रोजच्यासारखं. तरी मी लोखंडी जिन्याने खाली निघाले. जिना उतरताना मनात मुकादमाशी काय बोलायचं ते जुळवत होते. म्हणजे, त्याने हसण्यावारी नेलं तरी आज दिवसभर प्रेसपासून लांब राहील, असं काहीतरी.

जिना उतरून वळेपर्यंत तो पेटीपाशी पोचला होता. काठावर एक वायर अडकली होती. ती ओढायला तो वाकला, एक हात आत घालून. त्याची पाठ केबिनकडे होती आणि शिट्टी गळ्यातून पेटीच्या काठावर लोंबत होती. दादाचं तोंड ट्रककडे होतं.

मी ओरडले. इंजिनाच्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही.

भिंत सरकली.

आधी खांदा गेला. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर दुखण्याची खूणही नव्हती, कोणीतरी नको तिथे हात लावल्याचा राग होता फक्त. मग भिंतीने त्याला काठावरून आत ओढलं. बुटांच्या टाचा चिखलात दोन खोल रेघा काढत गेल्या. हाडं मोडतात तेव्हा सुकी फांदी मोडल्यासारखा आवाज येतो असं लोक म्हणतात. तसा येत नाही. ओली चादर जोराने झटकावी तसा येतो, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा येतो.

दादाने लाल बटण दाबलं तेव्हा थांबवायला काही उरलं नव्हतं.

"मी आज्ञा दिली नाही," तो वरून ओरडत होता. "मी हात लावला नाही कशाला. अरे, मी तिकडे बघत होतो."

तो तिकडे बघत होता, एवढंच सगळ्यांनी ऐकलं.

वेल्डर शिडी चढून वर गेला. त्याने दादाला कॉलरला धरून बाहेर ओढलं आणि शिडीवरून खाली ढकललं. दादा पाठीवर पडला. मग त्याच्याबरोबर रोज डबा खाणारी माणसं त्याच्याभोवती जमली. बुटांचे आवाज येत होते फक्त. वेल्डरने ढिगातून एक पाइप उपसला आणि तो दादाच्या बरगड्यांवर घातला, पुन्हा उचलून कानावर घातला. मी मध्ये घुसले. कोणाचं तरी कोपर तोंडावर बसलं आणि माझा पुढचा दात तुटून जिभेवर आला. मी दादाच्या अंगावर आडवी पडले तेव्हा ते थांबले.

वेल्डर माझ्यावर वाकून उभा होता. पाइपच्या टोकाला केस चिकटले होते.

"माझ्या बहिणीला काय सांगू?" त्याने हळू आवाजात विचारलं. "तूच सांग. तूही बहीणच आहेस ना."

चौकशी झाली. चौकशीला आलेला माणूस म्हणाला, जुन्या प्रोग्रामला 'दाब'चा कोड मिळाला होता, आणि तो केबिनमधूनच मिळू शकतो. दादा म्हणाला, मी दिला नाही. याच्यापुढे गाडी सरकली नाही. मालकांनी आवार बंद ठेवलं, दादाला निकाल लागेपर्यंत घरी बसवलं. त्याच्या बरगड्या बांधलेल्या होत्या आणि एका कानाने ऐकू येत नव्हतं. तो दिवसभर पुढच्या खोलीत बसून राहायचा. वहिनी मागच्या खोलीत शिलाईचं मशीन चालवायची. दोघांमध्ये बोलणं फारसं होत नव्हतं. मी दोन गल्ल्या सोडून राहायचे आणि रोज सकाळी जाऊन यायचे.

"त्याने माझ्याकडे बघितलं का गं?" दादाने एकदा विचारलं. "मुकादमाने. शेवटी."

"नाही. माझ्याकडे."

"बरं झालं," तो म्हणाला. मग लगेच म्हणाला, "बरं काय झालं त्यात."

मी त्याला तेव्हाही सांगितलं नाही. मला माहीत होतं, मी सांगितलं तर तो विश्वास ठेवेल. तीच भीती होती. मी मात्र घरी येऊन नियमांची फाइल उघडली आणि सगळीकडे 'संपलं' घातलं. प्रत्येक अटीला शेवट. आता दोन अर्थ निघायला जागाच नव्हती. एंटर मारलं. साधनाने एक अक्षर न बोलता पार्सर बनवून दिला. मी पुन्हा चालवलं, पुन्हा पुन्हा चालवलं. प्रत्येक वेळी रिकामी ओळ. त्या रात्री मला झोप लागली.

वास्तविक तिथेच लॅपटॉप बंद करून कपाटात टाकायला हवा होता. पण मालकांचा फोन आला. आवार पुन्हा सुरू करतोय, नवा चालक घेतोय, जुना प्रोग्राम आता कोणालाच नको, तुमचं काम कुठवर आलं? मी म्हटलं, तयार आहे. एकदा शेवटचं चालवून पाठवते.

दुपार होती. खिडकीतून शेजारच्या घरी लागलेल्या रेडिओचा आवाज येत होता. मी ओळ टाइप केली आणि एंटर मारलं.

'दादा दारात असेल तर बहिणीने हाक मारली असेल तर थांब नाहीतर मार.'

'मार' असा शब्द मी कधीच लिहिला नव्हता. यंत्रांना मारायचं काम नसतं.

वाक्याखाली नेहमीचा प्रश्न होता. जवळचा की लांबचा? आणि त्याच्याखाली, न सांगितल्यास जवळचा धरला जाईल.

मी आधी फोन लावला. दादाचा वाजत राहिला. वहिनीचा वाजत राहिला. मशीन चालू असलं की तिला ऐकू येत नाही.

मग मी ते केलं. आज शांतपणे विचार केला तरी मला वाटतं, माझ्या जागी कोणीही तेच केलं असतं. मी वाक्य नीट वाचलं. जवळचा अर्थ असा होत होता, की दादा दारात आहे आणि मी हाक मारली नाही, तर मार. म्हणजे मला पोचायला उशीर झाला की संपलं. लांबचा अर्थ वेगळा होता. दादा दारात नसेल, तर मार. दादा दारात नसेल तर आत असेल, आणि आत असेल तर मारणाऱ्याच्या हाताला कोणी लागणार नाही. दोन्ही अर्थांत, तो दारात असताना मी हाक मारली तर थांब. एवढं माझ्या हातात होतं.

मी नियमांत एक ओळ घातली. लांबचा धर. एंटर मारलं. रिकामी ओळ आली.

मी चपला न घालता धावले.

गल्लीच्या वळणावरूनच मला तो दिसला. वेल्डर. पाठमोरा, दादाच्या दारासमोर, पायरीच्या खाली. दार उघडं होतं आणि दादा उंबऱ्यावर उभा होता, एक हात बरगड्यांवर धरून. दोघांमध्ये काहीतरी बोलणं झालं असावं, कारण दादा मान हलवत होता. मग वेल्डरचा हात वर गेला. हातात पाइप होता.

"दादा," मी हाक मारली.

वेल्डर थांबला.

हात वर, पाइप डोक्याच्या मागे, एक पाय पायरीवर. तो कचरला नाही, वळला नाही. थांबला. मी धापा टाकत त्याच्या बाजूला येऊन उभी राहिले. त्याची छाती हलत होती. लाल डोळे माझ्याकडे वळले आणि त्यांत पाणी भरलं. ओठ बोलायचा प्रयत्न करत होते. बाकी अंगाचं काहीही हलत नव्हतं.

"आत जा," मी दादाला म्हटलं. "दार लाव."

दादा आत गेला नाही. त्याने मान किंचित वाकडी केली, चांगला कान घराच्या बाजूला करून, जसं आतून कोणी बोलावतंय. मग तो पायरी उतरून बाहेर आला.

उंबरा रिकामा झाला.

वाक्यात कोणी मारायचं ते लिहिलेलं नव्हतं. मला ते त्या क्षणी दिसलं.

दादाने वेल्डरच्या मुठीतून पाइप सोडवून घेतला. बोटं उघडत नव्हती. त्याने ती एकेक करून मागे वाकवली, मोडेपर्यंत. वेल्डर ओरडला नाही. त्याला ओरडता येत नव्हतं.

पहिला फटका जबड्यावर बसला.

मी दादाचा हात धरला. त्याने मला झटकलं. माझ्यावर आयुष्यात कधी हात न उचललेल्या माणसाने, माशी झटकावी तसं झटकलं. मी भिंतीवर आदळले.

वेल्डर पडलासुद्धा नाही. उभाच होता, हात वर तसाच, रिकामा. दादा मारत होता आणि तो उभा होता.

दादाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. केबिनमध्ये बसल्यावर असायचा तसा चेहरा होता. लक्ष देऊन काम करणारा.

डोक्याचा आकार बदलल्यावर वेल्डर खाली बसला. मग आडवा झाला.

पाइप चिखलात पडल्याचा आवाज आला. मागच्या खोलीतलं मशीन बंद होतं.

दादाने सगळं कबूल केलं. वकील म्हणाला, स्वतःला वाचवण्यासाठी मारलं असं म्हणता येईल. पण ज्याने साधा प्रतिकारसुद्धा केला नाही, त्याच्याबद्दल ते टिकलं नाही. लॅपटॉप मी आपण होऊन पोलिसांना दिला. त्यांच्या माणसाला त्यात यंत्र चालवायचे नियम सापडले, नीटनेटके, आणि प्रत्येक अटीच्या शेवटी 'संपलं'. मी घातलेली शेवटची ओळ त्यात नव्हती. पुढे दुसऱ्या कोणीतरी तो प्रोग्राम पुरा केला. आवार चालू आहे म्हणतात.

मुकादमाच्या बायकोला मी एकदा बाजारात लांबून बघितलं. नवरा गेला, भाऊ गेला. तिने मला ओळखलं आणि भाजीवाल्याशी बोलत राहिली.

गेल्या महिन्यात वहिनी आणि मी दादाला भेटायला तुरुंगात गेलो. तो बारीक झाला होता, पण बरा दिसत होता. तिथल्या वर्कशॉपमध्ये काम देतात म्हणाला. वहिनी त्याच्यासाठी आणलेले कपडे तपासून घ्यायला पलीकडच्या खिडकीशी गेली, तेव्हा तो जाळीजवळ सरकला.

"एक विचारू? रागावू नकोस."

"विचार ना."

"तू पहिली हाक मारलीस, ती कळली. मला वाचवायला आलीस. दुसरी का मारलीस?"

"मी एकच मारली, दादा."

"नाही गं. दुसरी घरातून आली. आवाज तुझाच. मी म्हटलं, ही तर समोर उभी आहे, मग आत कशी?" तो जाळीवर बोट फिरवत राहिला. "आणि नावाने हाक मारलीस. जन्मात कधी मला नावाने हाक मारली नाहीस तू. मी बाहेर आलो आणि मग मला काही आठवत नाही."

वेळ संपल्याची घंटा झाली. तो उठून गेला, मागे वळून न बघता.

परतीच्या बससाठी आम्ही थांब्यावर बसलो. वहिनीने पिशवी मांडीवर घेतली होती. बाकावर भरपूर जागा होती, तरी ती अगदी टोकाला बसली होती, माझ्यापासून लांब. त्या दिवसापासून ती माझ्या जवळ बसत नाही, हे मला माहीत होतं. नवरा तुरुंगात गेलेल्या बाईला कसला राग असेल, ते मी कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं.

"वहिनी, त्या दिवशी मशीन तू बंद केलंस ना? काही ऐकलंस?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग रस्त्याकडे.

"असं काय विचारतेस?" ती म्हणाली. "माझ्या मागेच तर उभी होतीस. त्यांना नावाने हाक मारलीस म्हणून मी दचकून वळले, तर तू तोंडावर बोट ठेवलंस. म्हणून मी आजपर्यंत कोणापाशी बोलले नाही."